कानांनी ‘बघता’ येईल असा डिटेक्टिव्ह सुचवा (आईबाबांसाठी, महिना ₹३०० च्या आत)

कृष्णाकाठ (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. बाबा (७६) आयुष्यभर रहस्यकथांचे भोक्ते. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे, म्हणजे मॅक्युलर डिजनरेशनमुळे, त्यांची मधली नजर गेली आहे. कडेकडेचं अंधुक दिसतं, पण समोरचा चेहरा ओळखू येत नाही. वाचन पूर्ण बंद. दिवस कसाबसा जातो, रात्री जेवणानंतरचा वेळ त्यांना खायला उठतो.

मला त्यांच्यासाठी एक डिटेक्टिव्ह हवा आहे. सिनेमा, मालिका, रेडिओ, काहीही चालेल, पण चित्र न बघता गोष्ट कळली पाहिजे. आई (७१) सोबत बसणार. तिला इंग्रजी नीट वाचता येतं, पण परदेशी उच्चार कळत नाहीत, त्यामुळे हिंदी-मराठी असेल तर उत्तम. रक्तपात आणि शिव्या नकोत. खर्च महिन्याला ₹३०० च्या वर नको. घरी साधा टीव्ही, जुना डीव्हीडी प्लेअर, माझा जुना मोबाइल आणि एक छोटा स्पीकर आहे.

एकच नाव सांगा, ज्याच्या बऱ्याच केसेस आहेत. एकदा माणूस आवडला की बाबा त्याला सोडत नाहीत.

सत्यान्वेषी
ब्योमकेश बक्षी. दुसरं नाव घ्यायची गरज नाही. १९९३ ची दूरदर्शनची मालिका, दिग्दर्शन बासू चॅटर्जी, रजित कपूर ब्योमकेश आणि के. के. रैना त्याचा मित्र अजित. ब्योमकेशची बायको सत्यवती म्हणजे आपल्या सुकन्या कुलकर्णी. सगळी मालिका हिंदीत आणि सगळी बोलण्यावर चालते. पाठलाग नाही, मारामारी नावापुरती. दोन माणसं खोलीत बसून बोलतात आणि त्या बोलण्यातून खुनी सापडतो. तुमच्या बाबांसाठीच केल्यासारखी आहे. ‘रास्ते का काँटा’ पासून सुरुवात करा.

टीव्हीवेडा
+१ ब्योमकेश. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने परत दाखवली तेव्हा आमच्याकडे नातवापासून आजीपर्यंत सगळे बसायचे. ‘रास्ते का काँटा’ जबरदस्तच. त्यात ग्रामोफोनची पिन जी मारतात ना, ती (पुढचा मजकूर काढला आहे. कृपया रहस्य फोडू नये. – संपादक मंडळ)

चाफेकळी
टीव्हीवेडा, अहो, त्या काकांना आता हीच एक करमणूक उरली आहे आणि तुम्ही उलगडा सांगून मोकळे! संपादकांचे आभार.

काळापहाड_प्रेमी
बाबा रहस्यकथांचे भोक्ते असतील तर ते अर्नाळकर वाचून वाढलेले असणार. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. माझ्याकडे त्यातल्या बऱ्याच जपून ठेवलेल्या आहेत, प्रत्येकीला प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान कोणीतरी फाडून नेलेलं असायचं आणि खुनी कोण ते मित्रांना विचारत फिरावं लागायचं. तो काळ टीव्हीवर सापडत नाही. तुम्ही रोज एक प्रकरण वाचून दाखवा, खर्च शून्य.

कृष्णाकाठ
काका, कल्पना चांगली आहे, पण मी पुण्यात नोकरीला, आईबाबा सांगलीत. रोज वाचून दाखवणं शक्य नाही आणि आईचा घसा लवकर बसतो.

काळापहाड_प्रेमी
मग फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. मुलीच्या आवाजात ऐकायला त्यांना आवडेल.

मडगावचो
अर्नाळकर निघाले की गुरुनाथ नाईकही आलेच पाहिजेत. आमच्या गोव्याचा माणूस, बाराशेच्या वर रहस्यकथा. त्यांना हवा तेवढा मान मिळाला नाही.

न्यूजर्सीकर
ताई, अगाथा ख्रिस्तीच्या कथांवरची डेव्हिड सुशेची प्वारो मालिका. १९८९ ते २०१३, एकूण ७० भाग. एकाच नटाने जवळजवळ पूर्ण प्वारो उभा केला. माझ्याकडे सगळा संच आहे, शिवाय ब्रिटिश मालिकांचं वेगळं सबस्क्रिप्शन घेतलंय. पण आवाज चांगला हवा. टीव्हीच्या स्पीकरवर संवाद गुळमुळीत येतात, म्हणून चांगला साउंडबार घ्या, मधला चॅनल वेगळा असलेला. मी घेतला तो महाग पडला, पण त्याशिवाय मी आता काहीच बघत नाही.

चाफेकळी
दादा, बजेट ₹३०० आहे. आणि काकूंना उच्चार कळत नाहीत असं त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. प्वारो बेल्जियन ढंगाचं इंग्रजी बोलतो.

न्यूजर्सीकर
बजेट एकदाच वाढवायचं, वस्तू दहा वर्षं टिकते. आणि सुशेचं बोलणं अतिशय स्वच्छ आहे. शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून तो जे सांगतो ते डोळे मिटून ऐका, अख्खी केस पुन्हा समोर उभी राहते.

इंदूरची_मावशी
मी कोलंबो ही अमेरिकन मालिका सुचवेन. कोलंबो म्हणजे पीटर फॉक. मळका रेनकोट, विझत आलेला सिगार, सतत बायकोबद्दल बोलणं आणि दारापर्यंत जाऊन परत वळून ‘आणखी एकच गोष्ट’ विचारणं. असा गोड पोलीसवाला दुसरा नाही. आमच्या घरी तर तो कुटुंबातलाच झालाय. खून कोणी केला ते पहिल्या काही मिनिटांतच दाखवतात, मग उरतो तो फक्त दोघांचा सामना.

सत्यान्वेषी
मावशी, कोलंबो मलाही आवडतो, पण इथे तो चुकीचा आहे. सुरुवातीचा खून बहुतेक वेळा बिनबोलता होतो. कोणी हातमोजे घालतं, कोणी घड्याळ मागे करतं, कोणी ग्लास पुसतं. कॅमेरा दाखवतो आणि आपण बघतो. ज्याला दिसत नाही त्याला त्या वेळात फक्त पार्श्वसंगीत ऐकू येणार. पुढे कोलंबो ज्या बारीक खुणेवर बोट ठेवतो ती त्याच वेळात येऊन गेलेली असते. इंग्रजीची अडचण वेगळीच.

चाफेकळी
सहमत. माझ्या आईला हाच आजार होता, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कानांसाठी मालिका निवडताना आधी एक गोष्ट पाहा: डिटेक्टिव्हसोबत प्रश्न विचारणारा माणूस आहे का? होम्सचा वॉटसन, प्वारोचा हेस्टिंग्ज, ब्योमकेशचा अजित, फेलूदाचा तोपशे ही माणसं असली की डिटेक्टिव्हला डोक्यातलं बोलून दाखवावंच लागतं. एकटा राबणारा, गप्प डिटेक्टिव्ह आईला कधीच झेपला नाही. मूळ गोष्टच जिथे वॉटसनच्या तोंडून येते तिथे निम्मं काम झालेलं असतं.

दुसरं, रेडिओ नाटक. तिथे दिसण्यावर काहीच सोडलेलं नसतं. बीबीसी रेडिओ ४ ने १९८९ ते १९९८ या काळात होम्सच्या सगळ्याच्या सगळ्या ६० गोष्टी केल्या, क्लाइव्ह मेरिसन होम्स आणि मायकल विल्यम्स वॉटसन. माझ्या मते होम्स इतका चांगला दुसरीकडे ऐकायला मिळत नाही. फुकट हवं असेल तर बॅसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांचे १९४० च्या दशकातले अमेरिकन रेडिओ कार्यक्रम इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. अर्ध्या तासाचा एक भाग. निवेदक म्हाताऱ्या वॉटसनकडे गप्पा मारायला येतो, वॉटसन त्याला बसवून जुनी केस सांगतो. मध्ये वाइनची जाहिरात येते, ती सोडून द्यायची.

तिसरं, ओटीटीवर आता काही मालिका-सिनेमांना ऑडिओ डिस्क्रिप्शन असतं. संवादांच्या मधल्या जागेत ‘तो दार उघडतो, टेबलावर पिस्तूल आहे’ असं एक जण सांगत जातो. भाषेच्या मेनूत वेगळा ट्रॅक असतो. पैसे भरण्याआधी तुम्हाला हवी ती मालिका आणि हवी ती भाषा त्यात आहे का ते बघा, कारण आमच्या वेळी हिंदीत फार कमी होतं.

बोरीबंदर
सीआयडी कोणीच कसं म्हणत नाही? १९९८ ते २०१८, वीस वर्षं, दीड हजारावर भाग, आणि डिसेंबर २०२४ पासून परत सुरू झालं. सगळं हिंदीत, सगळं मोठ्याने. एसीपी प्रद्युम्न जे बघतात ते बोलतात. ‘दया, दरवाज़ा तोड़ दो’ म्हटलं की दार तुटल्याचा आवाज येतोच. साळुंखे रिपोर्ट वाचून दाखवतात. माझे सासरे स्वयंपाकघरात भाजी निवडताना फक्त ऐकून खुनी सांगायचे.

सत्यान्वेषी
धागा डिटेक्टिव्हचा आहे. सीआयडी पोलिसांचं पथक आहे.

बोरीबंदर
कोलंबोही पोलीसच आहे, तेव्हा नाही बोललात. आणि शिवाजी साटम आपले आहेत. सीआयडीच्या आधी बी. पी. सिंग यांनी मराठीत ‘एक शून्य शून्य’ केली होती, तिथे साटम होतेच. मुंबई दूरदर्शनवरची ती मालिका बघून आम्ही वाढलो. खऱ्या पोलीस तपासाची मालिका मराठी माणसाने तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली.

टीव्हीवेडा
+१ सीआयडी. पण ब्योमकेशच भारी.

डेक्कनकर
ब्योमकेशचा विषय निघालाय म्हणून एक माहिती. ब्योमकेशचे लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय हे सिनेमासाठी पटकथा लिहायला मुंबईत आले, बॉम्बे टॉकीजमध्ये होते आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. मधली सुमारे पंधरा वर्षं ब्योमकेशला त्यांनी हातच लावला नव्हता, पुन्हा लिहायला घेतल्यावरच्या बहुतेक गोष्टी पुण्यात बसून लिहिल्या. १९७० मध्ये ते गेले तेव्हा ‘विशुपाल वध’ अर्धवट राहिली. कलकत्त्याच्या गल्लीबोळांतल्या खुनांच्या गोष्टी पुण्यात लिहिल्या जात होत्या, हे इथल्या किती पुणेकरांना माहीत आहे? त्यांच्या घरावरून आपण रोज जात असू आणि तिथे एक साधी पाटीही नजरेला पडत नाही.

काळापहाड_प्रेमी
ही माहिती मला नवीन आहे. धन्यवाद. अर्नाळकरांचीही पाटी हवी.

कोलकात्याची_सून
फेलूदाबद्दल कोणी लिहिलं नाही याचं वाईट वाटलं. सत्यजित राय यांनी लिहिलेला बंगाली डिटेक्टिव्ह. त्याच्यावरचे त्यांचेच सिनेमे ‘सोनार केल्ला’ (१९७४) आणि ‘जय बाबा फेलुनाथ’ (१९७९), दोन्हींत फेलूदा सौमित्र चॅटर्जी. त्याचा लेखक मित्र लालमोहनबाबू म्हणजे संतोष दत्त. त्यांच्याशिवाय फेलूदा पूर्ण होत नाही. आणि ऐकण्यासाठी ‘संडे सस्पेन्स’! कोलकात्याच्या रेडिओ मिर्चीचा कार्यक्रम, त्यात फेलूदाही आहे, ब्योमकेशही. पावसाचा, ट्रामचा, जिन्यावरच्या पावलांचा आवाज इतका जिवंत की मी दिवे घालवून ऐकते. बांगला येत नसली तरी दोनचार भागांत कान तयार होतो. माझा झाला.

चाफेकळी
तुमचा झाला कारण घरात चोवीस तास बांगलाच कानावर पडते. ७६ व्या वर्षी नवीन भाषा कशाला शिकायला लावता त्यांना?

कोलकात्याची_सून
ठीक आहे. मग अशोक जैन यांचे फेलूदाचे मराठी अनुवाद आहेत, रोहन प्रकाशनाचे. त्यात वेरूळच्या लेण्यांची गोष्ट आहे, ती काकांना नक्की आवडेल. कोणीतरी वाचून दाखवा.

काळापहाड_प्रेमी
मी आधीच म्हटलं होतं, वाचून दाखवा.

गाजरवाला
करमचंद! १९८५, पंकज कपूर, दिग्दर्शन पंकज पराशर. गाजर खाणारा, काळा चष्मा घालणारा, बुद्धिबळ खेळणारा. आणि मदतनीस किटीला ‘शट अप किटी’. ब्योमकेशच्या कितीतरी आधी. गाजराचा कडकन आवाज आला की करमचंदला काहीतरी सुचलंय हे आंधळ्यालाही कळेल.

चाफेकळी
शेवटचा शब्द बदला हो. लेकीने वडिलांसाठी धागा काढलाय.

गाजरवाला
वाईट हेतू नव्हता. माफ करा ताई. पण करमचंद खरंच बघा.

कृष्णाकाठ
असू द्या दादा, बाबा स्वतःच तो शब्द वापरतात आणि आई चिडते.

लोणावळाएक्सप्रेस
मग दृष्टिहीन डिटेक्टिव्हच का नको? १९७१-७२ मध्ये ‘लाँगस्ट्रीट’ नावाची अमेरिकन मालिका होती. स्फोटात दृष्टी गेलेला विमा तपासनीस कान, स्पर्श आणि वास यांवर केसेस सोडवतो. ब्रूस ली त्याला मारामारी शिकवतो, चार भागांत आहे. पुस्तकांत त्याच्याही आधीचा मॅक्स कॅराडोस आहे, १९१४ पासूनचा.

कृष्णाकाठ
हे मी बाबांना विचारलं. म्हणाले, ‘दिवसभर मी तेच असतो, रात्री दुसरं कोणीतरी व्हायचंय.’ तेव्हा नको.

सोलापुरी_चादर
ऐकायचं साधन काय घेणार ते आधी ठरवा. मी वडिलांसाठी जुनी गाणी आधीच भरलेला एक महागडा रेडिओ घेतला. दिसायला सुंदर, पण सगळी बटणं गुळगुळीत आणि एका ओळीत सारखीच. वडिलांना प्ले कुठलं आणि पुढे कुठलं ते चाचपून कळायचंच नाही. गोष्ट मध्येच पुढे उडी मारायची आणि ते तासभर चिडून बसायचे. दुकानदाराने परत घेतला नाही. शेवटी गल्लीतल्या दुकानातून पेनड्राइव्ह लागणारा साधा स्पीकर आणला आणि प्लेच्या बटणावर नेलपॉलिशचे दोन-तीन थर देऊन उंचवटा केला. एका पेनड्राइव्हवर एकच डिटेक्टिव्ह आणि फाइलींना आकडे दिलेले, ०१, ०२ असे, म्हणजे क्रम चुकत नाही.

कृष्णाकाठ
हे फार उपयोगाचं आहे. नेलपॉलिशचं आजच आईला सांगते.

न्यूजर्सीकर
साउंडबारला रिमोट असतो, त्यावरही नेलपॉलिश लावता येईल.

बेकरस्ट्रीट
इतका वेळ वाचतोय. जेरेमी ब्रेट! ग्रॅनडाची मालिका, १९८४ ते १९९४, ४१ भाग. बाकी सगळे होम्स त्याच्यापुढे फिके. रॅथबोनबरोबरच्या वॉटसनला तर बावळट करून टाकलंय, डॉयलचा वॉटसन युद्ध पाहिलेला लष्करी डॉक्टर आहे. ज्यांना होम्सची खरी ओळख करून द्यायची त्यांना रॅथबोन ऐकवू नका.

चाफेकळी
ब्रेट महान आहे, पण त्याचं निम्मं काम चेहऱ्यावर आणि बोटांत आहे. काकांना ते कसं पोचणार? नायजेल ब्रूसचा वॉटसन विसरभोळा असेल, पण रेडिओवर त्याचा आवाज इतका वेगळा आहे की कोण बोलतंय याचा कधीच गोंधळ होत नाही. ऐकणाऱ्याला आधी तेच लागतं.

बेकरस्ट्रीट
मूळ पात्राचं वाटोळं करून मिळालेली सोय मला मान्य नाही.

सत्यान्वेषी
इथे सातआठ जणांनी ब्योमकेश सांगितलाय. ताई, निर्णय घ्या.

बोरीबंदर
दोघांनी. मी मोजले.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी सांगलीला जाऊन एकेक नमुना ऐकवला. निकाल सांगते.

ब्योमकेशचे दोन भाग लावले. बाबांना भाषा आवडली, पण संशयितांपैकी सगळ्या पुरुषांचे आवाज त्यांना सारखे वाटले. कोण बोललं, कोण आत आलं हे दर दोन मिनिटांनी आईला विचारत होते आणि आई स्वतःच खुनी शोधण्यात गुंगली होती, तिला उत्तर द्यायला वेळ नव्हता. सीआयडीला आवाज मोठा म्हणून आईने बंद केलं. रॅथबोनचे रेडिओ भाग बाबांना फार आवडले, ते दुपारी एकटे ऐकणार आहेत, पेनड्राइव्ह भरून दिलाय. आईला मात्र त्यातलं काही कळलं नाही, म्हणून ते रात्रीसाठी नाही.

रात्रीसाठी दोघांनी कोलंबो निवडला. मावसभावाकडे डीव्हीडीचा संच होता, तो उसना आणला, खर्च काही नाही. इंग्रजी सबटायटल्स आई वाचते आणि सुरुवातीचा बिनबोलता खून बाबांना मराठीत सांगते. खुनी आधीच माहीत असल्यामुळे तिला गुंगून जायचं कारण उरत नाही, सांगायला मोकळी असते. नंतर दोनच आवाज महत्त्वाचे, कोलंबो आणि खुनी, त्यामुळे बाबांचा गोंधळ होत नाही. आई काय बघायचं ते ठरवते आणि कोलंबो कुठे पकडणार ते बाबा. पहिल्याच भागात हातमोजे कोणत्या हातातून आधी काढले यावरून दोघांचं वाजलं. बाबांनी तीनदा मागे घ्यायला लावलं.

सत्यान्वेषी दादा, तुमचं म्हणणं बरोबर होतं, बिनबोलता भाग अवघड आहे. पण त्यांना तोच सगळ्यात आवडतोय.

इंदूरची_मावशी
जियो! पीटर फॉकचा एक डोळा लहानपणापासून काचेचा होता, तीन वर्षांचा असताना काढावा लागला होता. काकांना सांगा. आता ‘मर्डर बाय द बुक’ लावा, १९७१ चा, स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केलेला, तेव्हा तो चोविशीत होता. रहस्यकथा लिहिणाऱ्या दोन लेखकांची गोष्ट आहे. सुरुवातीला कितीतरी वेळ फक्त टाइपरायटरची टकटक ऐकू येते आणि पडद्यावर गाडी येत असते.

सत्यान्वेषी
काकूंसारखी सांगणारी असेल तर माझी हरकत मागे. ब्योमकेशसाठी तरी आवाजांची यादी करून द्या, पात्र आलं की काकूंनी एकदा नाव घ्यायचं. दोनचार भागांनंतर परत लावून बघा.

काळापहाड_प्रेमी
रहस्यकथांचे लेखक म्हटल्यावर बाबांना अर्नाळकर आठवतील. मी ‘झुंजार’ची तीन प्रकरणं माझ्या आवाजात रेकॉर्ड केली आहेत. कुठे पाठवू?

कृष्णाकाठ
काका, खरंच? संपादक मंडळाला विचारते, इथे फोन नंबर देता येत नाही. निरोपात लिहिते.

न्यूजर्सीकर
डीव्हीडी प्लेअरला साउंडबार जोडता येतो. कोणती केबल लागेल ते सांगतो, मागच्या बाजूचा फोटो टाका.